हॉलमधल्या गार चुलीचं काय करायचं?

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. दापोली–आसूद रस्त्यालगत आम्ही एक तयार बंगला घेतला. आधीचे मालक बोटीवर नोकरीला होते. त्यांनी हौसेने हॉलमध्ये जांभ्याची फायरप्लेस बांधून घेतली आहे. खाली दगडी ओटा, वर प्लायवुडची फळी, त्यावर छपरापर्यंत गेलेलं धुराडं आणि सगळ्या चिऱ्यांना चकचकीत व्हार्निश. आम्ही ती एकदाही पेटवलेली नाही. लेक नॉटिंगहॅमला असते. ती तिकडच्या खेड्यातल्या घरांचे फोटो पाठवून म्हणते, "आई, कंट्री स्टाइल कर." ऑनलाइन एक 'फार्महाऊस सेट' मिळतो, तो मागवावा का? सासूबाईंची समई आणि तांब्याची भांडी तिथे मांडावीत असंही मनात आहे, पण समई द्यायला त्या तयार नाहीत. म्हणतात, "भर घरात गार चूल, आणि तिच्यावर माझी समई?" मिस्टरांचं म्हणणं तिसरंच. ते भोक बुजवून वर टीव्ही लावायला निघालेत. काय करू?
— एक वाचक, ता. दापोली

उत्तर : नमस्कार. सासूबाईंचं आधी. समई त्यांची, तेव्हा निर्णय त्यांचाच, आणि माझ्या मते तो बरोबरही आहे. देवापुढची वस्तू पाय शेकायच्या जागी, राखेच्या वर, शोभेला नेऊन ठेवली की आल्यागेल्याला ती आधी खटकते. समईचा विषय सोडा. भांड्यांबद्दल मात्र त्या काही बोललेल्या दिसत नाहीत, तेव्हा ती गोडीने मागून बघा. त्यांच्या बोलण्यातला 'गार' हा शब्द मला महत्त्वाचा वाटला, त्याच्याकडे येतेच.

लेकीने पाठवलेले फोटो पुन्हा एकदा नीट बघा. तिकडच्या खेड्यातल्या घरात विस्तवाभोवती जे दिसतं, त्यातलं बहुतेक सगळं कामासाठी तिथे आलेलं असतं. पुढचा दगडी पट्टा आहे तो ठिणगी लाकडी जमिनीवर पडू नये म्हणून. वरच्या फळीचं मूळ धूर अडवून वर नेणाऱ्या झाकणात आहे. नुसती फळी ती नंतर झाली. पितळी मेणबत्तीदाण्या तिथे असतात, कारण पेटवायला विस्तव जवळ. चिमटा, भाता, लाकडाची टोपली यांचं तर सांगायलाच नको. हौस म्हणून ठेवलेलं अगदी थोडं. एकोणिसाव्या शतकात स्टॅफर्डशायरकडच्या चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी फळीच्या दोन टोकांना बसवायची टूम निघाली. ती शुद्ध हौस, आणि अजून टिकून आहे. उन्हाळ्यात विस्तव नसला की रिकाम्या तोंडापुढे रंगवलेली फळी लावत, नाहीतर पानाफुलांचं मोठं भांडं ठेवत.

आता तो ऑनलाइन सेट. पांढऱ्या फळीवर 'होम' लिहिलेली पाटी, खोटा गंज चढवलेली बादली, कापडी सूर्यफुलं. यातलं काहीही कुणाच्याच खेड्यात वापरात नव्हतं. मागवू नका. पैशांचा प्रश्न नंतरचा, त्यातला एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची फळी, तुमच्याकडे दुसऱ्या पावसात फुगून पापडासारखा सुटेल. खेड्याची शैलीच हवी असेल तर ती आसूद-हर्णैकडच्या खेड्याची करा. तिथे चुलीभोवती काय असायचं, ते तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आणि म्हणूनच पहिला सल्ला असा की ही फायरप्लेस पेटती ठेवा. दापोलीच्या थंडीत पारा कधीमधी दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा शेकायला मजा येईलच. पण कोकणात हिचा खरा हंगाम जुलै आहे. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ पाझरतं, पुस्तकांना कुबट वास येतो. जुन्या घरांत या दिवसांत चूल विझू देत नसत. वरच्या माळ्यावर सुपं, रोवळ्या, इरलं, भोपळ्या-काकडीचं बियाणं ठेवलेलं असे. धुराने ते कोरडं राही आणि त्याला कीड लागत नसे. घर बंद पडून चूल विझली की दोनचार वर्षांत वासे पोखरले जातात, हे तुम्ही वाडीतल्या मुंबईकरांच्या घरांत पाहिलंच असेल. तेव्हा आषाढातल्या संध्याकाळी तासभर विस्तव केलात तर हॉल कोरडा राहील, आणि सासूबाईंची तक्रारही तिथेच संपेल.

पेटवण्याआधी धुराडं मात्र तपासून घ्या. इतकी वर्षं बंद असलेल्या धुराड्यात गांधीलमाश्यांचं पोळं, पाखरांची घरटी, पालापाचोळा, काहीही असू शकतं. वरून टोपी आहे का ते गवंड्याला छपरावर चढवून बघायला लावा. नसेल तर चारी बाजूंनी उघडी, वर झाकण असलेली, जाळी लावलेली टोपी बसवून घ्या. नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं, जुन्या काजळीत मिसळतं आणि जांभ्यातून झिरपून हॉलच्या भिंतीवर तपकिरी ओघळ उठवतं. ते ओघळ रंगाखाली झाकत नाहीत, पुन्हा वर येतात. पहिल्यांदा पेटवताना एक कागदाची सुरळी पेटवून आत वरच्या बाजूला धरा. ज्योत वर ओढली गेली तर वाट मोकळी आहे. धूर तोंडावर आला तर आणखी एकदोन सुरळ्या जाळून धुराडं कोमट करा, कारण गार, ओल्या धुराड्यात पहिला धूर उलटा फिरतो. तरीही खोलीत येतच राहिला तर त्या दिवशी नाद सोडा. विस्तव असेल तोवर एक खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि झोपायला जाण्याआधी निखारे पूर्ण विझवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जाळायचं काय? सुरू, आंबा, आईन, काहीही चालेल, पण वर्षभर वाळलेलं. नारळाची सोडणं आणि करवंट्या पेटवणाला उत्तम, नुसत्यावर विस्तव ठेवू नका, धूर फार. काजूची टरफलं मात्र घरात चुकूनही नाही. त्यांच्यातलं तेल कातडी सोलवटतं आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला तसाच झोंबतो. तुमच्याकडे ती पोत्याने फुकट मिळतात म्हणून मुद्दाम सांगते. कर्द्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेली ओंडकी शोभेला आणा, जाळायला नको. त्यांत मीठ मुरलेलं असतं. त्याचा धूर विषारी, आणि लोखंडी जाळी त्याने लवकर खाल्ली जाते.

लाकडाची टोपली ओट्यावर दिसायला छान दिसते, पण तिच्यात दोन दिवसांपुरतंच लाकूड ठेवा. तुमचा मुलूख फुरशांचा आहे. ढीग रचून ठेवलेल्या लाकडात फुरसं किंवा विंचू कधी शिरेल, सांगता येत नाही. बाहेरून आणलेलं प्रत्येक लाकूड अंगणात आपटून मगच आत घ्यायचं, आणि हात घालायचा तो बॅटरीच्या उजेडात.

आता चिरे. ते व्हार्निश काढून टाका, हे मी आग्रहाने सांगते. जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने कापता येतो, हवेत राहिला की घट्ट होतो. पण ओल घेणं आणि सोडणं त्याचं चालूच असतं. वरून व्हार्निशचा थर दिला की आतली ओल कोंडते, आणि मग पापुद्रे सुटतात. तुमच्याकडे कुठेकुठे पांढुरके फोड आले असतील, ते हेच. रिमूव्हर लावून, काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने घासून उतरवा. ते करताना आग जवळ नको आणि दारंखिडक्या सताड उघड्या. फरशी धुवायचं अ‍ॅसिड कुणी सुचवेल, त्याला नाही म्हणा. सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जाईल आणि चिऱ्यावर डाग पडतील. उघडा जांभा थोडा भुगा टाकतो, तो महिनाभर झाडत राहिलं की थांबतो. त्याचा तांबडा रंग फार गडद वाटला तर आतल्या तीन बाजू सोडून बाहेरून पातळ चुना द्या. माझं मत विचाराल तर तसाच राहू द्या. तुमच्या लेकीच्या फोटोंतल्या घरांना असा दगड मिळणार नाही.

फळीचं काम मात्र मनापासून करा, कारण सगळ्यांची नजर तिथेच जाते. प्लायवुड काढा आणि तिथे एखादी जुनी तुळई बसवा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडची कितीतरी जुनी घरं उघडी पडली. त्यांतलं सागाचं, फणसाचं, किंजळाचं लाकूड अजूनही एखाद्या पडवीत रचून ठेवलेलं सापडतं. घेताना तुळई जमिनीवर आपटून बघा. पिठासारखी बारीक पूड पडली तर आत कीड जिवंत आहे, ती घेऊ नका. टोकांना टोकदार पेचकस खुपसून बघा, भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग कापायला सांगा. खिळ्यांची भोकं, जुन्या सांध्याची खाच, वाशाची खोबण, हे सगळं तसंच राहू द्या. सुताराला रंधा मारू देऊ नका. तो मारणारच, तुम्ही समोर उभ्या राहा. साधा तारेचा ब्रश फिरवून धूळ काढायची आणि जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यायचे. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्याचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

ही तुळई चिऱ्याला बोल्ट मारून लटकवू नका. जांभ्यात बोल्ट धरत नाही, भोक मोठं होत जातं. गवंड्याकडून दोन चिरे भिंतीतून वीतभर पुढे काढून घ्या, नाहीतर लाकडी घोडे भिंतीत खोल बसवून त्यांवर ती टेकवा. उंचीचं गणित अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांतून घ्यायला हरकत नाही. विस्तवाच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड अजिबात नको. बारा इंचांपर्यंत असेल तर ते जेमतेम दीड इंच पुढे आलेलं चालतं. तुम्हाला सात-आठ इंच रुंद फळी हवी, म्हणजे ती तोंडापासून बारा इंचांहून चांगली वरच हवी. ओटाही तोंडापुढे किमान सोळा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच दगडाचाच असावा. टेप घेऊन मोजा. कमी भरला तर पुढे शहाबादी फरशीचा पट्टा वाढवा. तिथे सतरंजी नको.

आता मांडणी. फोटोंतल्या फळीवर वीस वस्तू असतील, तुम्ही पाचच्या पुढे जाऊ नका. खाऱ्या हवेत प्रत्येक वस्तू पुसावी लागते, आणि ती पुसणारी घरात एकच बाई असते.

एक मोठी वस्तू मधोमध न ठेवता डावीकडे सरकवून ठेवा. सासूबाईंनी दिली तर तांब्याची कळशी. तिच्या शेजारी लोणच्याची चिनीमातीची बरणी, ती तपकिरी-पांढरी, दट्ट्यासारख्या झाकणाची. उजव्या टोकाला पायली, शेर अशी जुनी मापं एकमेकांत न घालता उतरत्या क्रमाने. मध्ये बरीच जागा मोकळी. या मोकळ्या जागेत भिंतीला टेकवून एक जुनं मंगलोरी कौल ठेवा, पाठ पुढे करून. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, मग त्या किनाऱ्यावर असे बरेच कारखाने निघाले आणि त्यांची कौलं आपल्याकडच्या घरांवर चढली. पाठीवर कारखान्याचा ठसा असतो, कधी नक्षीसकट. ते धुऊन, वाळवून ठेवलं की चित्राची गरज राहत नाही. त्याला बुरशी येत नाही, आच लागत नाही, आणि चोराला ते नको असतं.

रंग हवाच असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणा आणि काठवटीत ठेवा. पेरू, सीताफळ, केळी, मिरचीसुद्धा मिळते. फळीवर नव्हे, बाजूच्या तिवईवर, कारण त्यांच्या रंगाला आच सोसत नाही. तीच गोष्ट पिंगुळीच्या चित्रकथींची, म्हणजे कथा सांगायच्या चित्रांची. कागद आहे, समोरच्या कोरड्या भिंतीवर काचेत लावा. वाडवडिलांचे फोटोही विस्तवावर नकोत. आरसा लावायचा इंग्रजी रिवाज आहे, पण समुद्राच्या हवेत त्याचा पारा कडेने काळा पडत जातो. ते डाग आवडत असतील तर लावा, मला आवडतात.

तांब्या-पितळेबद्दल स्पष्ट सांगते. तुमच्याकडे ती आठ दिवसांत काळवंडतील. आमसुलाचं पाणी आणि तुमच्याच विस्तवातली चाळलेली राख घेऊन घासायची, मग साध्या पाण्याने खळखळून धुऊन लगेच कोरडी करायची. आमसुलाचा आंबटपणा राहिला तर हिरवं येतं. हे पंधरा दिवसांतून एकदा करायची तयारी नसेल तर कळशी काळी होऊ द्या, तिचा तो रंगही जांभ्यापुढे वाईट दिसत नाही. मधलं अर्धवट डागाळलेलं रूप तेवढं वाईट. लोखंडी चिमटा, झारा, बिडाचा तवा यांना खोबरेल तेलाचा हात फिरवला की पावसाळा निघतो.

ओट्यावर फुंकणी आणि चिमटा हवेतच, रोज लागतील. बसायला दोन पाट. बांबूचं सूप किंवा रोवळी भिंतीवर टांगायची असेल तर थेट बुरडाकडून घ्या. विस्तव नियमित होत असेल तर ती टिकेल. नाहीतर बांबूला भुंगा लागतो आणि खाली पिवळी पूड पडत राहते. ती दिसली की लगेच उन्हात टाका.

फेब्रुवारी ते मे विस्तवाचं कामच नाही. तेव्हा आतली राख पूर्ण काढून, तोंडात एक मोठा पसरट मातीचा माठ किंवा दगडी उखळ ठेवा, पाण्याने भरा आणि परसात जे फुललं असेल ते घाला. मार्च-एप्रिलमध्ये सुरंगी मिळाली तर दुसरं काही नको, सगळ्या हॉलला वास येतो. पाणी रोज बदला, डास होतात. विजेची लुकलुकती खोटी ज्वाला तेवढी आणू नका, नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी. संध्याकाळी माठाच्या मागे एक पिवळा बल्ब पुरे, आणि त्याची वायर ओट्याच्या सांध्यातून न्या. दसऱ्याला दाराला नवं बांधाल तेव्हा भाताच्या लोंब्यांची एक जुडी जास्त बांधा आणि फळीच्या घोड्याला अडकवा. ती मात्र विस्तव सुरू होण्याआधी काढायची, वाळल्या लोंब्या ठिणगीने पेटतात.

कामाचा क्रम धुराडं, मग व्हार्निश, मग तुळई असा धरा, आणि छपरावरचं काम मे अखेरच्या आत उरका. त्यानंतर तुम्हाला छपरावर चढणारा गवंडी मिळणार नाही, सगळे आपापली घरं शाकारत असतात.

राहिला टीव्ही. पेटत्या फायरप्लेसच्या वर तो लावला तर आच आणि काजळी त्याला खाईल, आणि पाच फुटांवर वर मान करून बातम्या बघताना मिस्टरांची मानही धरेल. समोरच्या भिंतीवर, खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला लावा. त्या भिंतीवर प्लग पॉइंट नसेल तर वायरमनलाही गवंड्याच्याच आठवड्यात बोलवा, म्हणजे धूळ एकदाच झाडावी लागेल.